दिसण्याची सक्ती आणि ओळखण्याची जबाबदारी



आजच्या व्याख्यानाचा विषय एका प्रश्नाच्या रूपाने मांडलेला आहे : शिकारीला जाणाऱ्या माणसाने दुरून ठळक दिसणारे, भडक रंगाचे कपडे घातलेच पाहिजेत, अशी सक्ती कायद्याने करावी काय? ज्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली संमत झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेखातर शिकार करण्याची वाटही बंद झाली, त्या देशात हा प्रश्न मुळी उद्भवतच नाही, असे कोणाला वाटले तर नवल नाही. आणि धाकट्या डहाणूसारख्या ज्या गावाचे पोट जाळ्यावर व बोटीवर चालते त्या गावात जंगलातल्या बंदुकीची चर्चा कशासाठी, असेही कोणी विचारील. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकच आहे. कायद्याच्या पुस्तकातून शिकारी गेला, पण पालघर जिल्ह्याच्या जंगलातून तो गेलेला नाही, आणि त्याच्या गोळीने सावजाबरोबर माणसेही मरत आहेत.

२०२५ च्या सुरुवातीला याच जिल्ह्यात, मनोर परिसरातील बोरशेतीच्या जंगलात, रानडुकराच्या शिकारीला निघालेल्या गावकऱ्यांपैकी एकाला त्याच्याच सोबत्याने रानडुक्कर समजून गोळी घातली, आणि भेदरलेल्या सोबत्यांनी पोलिसांना खबर देण्याऐवजी मृतदेह झाडीत लपवला, अशी हकिकत पोलीस तपासातून पुढे आली. त्याआधी २०२१ च्या नोव्हेंबरात केरळातल्या वायनाड जिल्ह्यात भातशेतीच्या परिसरात एका तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाला, तेव्हाही गोळी झाडणाऱ्यांचे सांगणे हेच होते की, रानडुक्कर वाटले. बोरशेतीत मारणारा वैरी नव्हता, त्याच्या मनात खून नव्हता, आणि मरणारा परका नव्हता. मग हे मरण आले कोठून? ते अपघात या एका शब्दात गुंडाळून ठेवता येईल काय? आणि अंगावरचे एखादे नारिंगी जाकीट त्याला अडवू शकले असते काय?

या प्रश्नांची उत्तरे चार टप्प्यांत शोधावयाची आहेत. माणूस सावज का दिसतो, हा पहिला टप्पा. रंग काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हा दुसरा. ज्या देशांनी अशी सक्ती केली त्यांचा अनुभव काय, हा तिसरा. आणि डहाणू-तलासरीच्या कायदेशीर व सामाजिक परिस्थितीत या सक्तीला जागा कोठे आहे, हा चौथा. प्रतिपादन आरंभीच स्पष्ट करणे इष्ट होईल : शासन जेथे स्वतः परवानगी देऊन प्राणी मारू देते तेथे ठळक कपड्यांची सक्ती असलीच पाहिजे, परंतु ती ओळखण्याच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही; आणि जंगलात पोटासाठी वावरणाऱ्या सामान्य माणसावर तर ती कधीही लादता कामा नये.

पहिला मुद्दा, माणूस सावज का दिसतो. डोंगराळ भागातली डुकराची पारध साधारणपणे दोन रीतींनी होते. एका रीतीला हाका म्हणतात. तीत काही माणसे आरडाओरड करीत, डबे वाजवीत झाडीतून जनावर उठवतात आणि बाकीची माणसे त्याच्या येण्याच्या वाटेवर दबा धरून बसतात. दुसऱ्या रीतीत रात्रीच्या वेळी कपाळाला बॅटरी बांधून, उभ्या पिकाच्या किंवा पाणवठ्याच्या कडेला जनावराची वाट पाहिली जाते. दोन्ही रीतींत माणसे पांगलेली असतात, एकमेकांपासून लपलेली असतात, आणि गोळीचा रोख ज्या दिशेला असतो त्याच दिशेने सोबती येण्याचा संभव असतो. हाक्यात तर हाकेकरी जनावराच्या पाठोपाठ, म्हणजे थेट नळीच्या समोरच, चाललेला असतो.

त्यात हत्यार बहुधा ठासणीचे असते. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीत तोंडाकडून दारू, चिंध्या आणि छर्रे भरून गजाने ठासावे लागतात अशी जुन्या घडणीची बंदूक. तिचा बार एकदा उडाला की दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगर ओलांडून जाते, आणि म्हणून पहिली संधी दवडावयाची नाही, हा संस्कार ती धरणाऱ्याच्या बोटातच मुरलेला असतो. छर्रे पसरत जातात, आणि झाडीतून पलीकडे कोण उभा आहे हे ते विचारीत नाहीत. अशा वेळी तासन्‌तास डुकराचीच वाट पाहणाऱ्या माणसाला पाचोळा वाजला की डुक्कर ऐकू येते आणि काळसर काही हलले की डुक्कर दिसते, कारण डोळा केवळ पाहत नाही, मनाने आधी जे ठरवलेले असते ते तो जुळवून घेतो. खाली वाकून झुडपातून सरकणारा माणूस आणि खाली मान घालून सरकणारे जनावर यांत अंधुक प्रकाशात फरक थोडा असतो, आणि अपेक्षेने तापलेल्या मनाला तो तेवढाही उरत नाही. गोळी आधी सुटते, ओळख नंतर पटते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जंगलात फक्त पारधी नसतो. लाकूडफाट्याच्या मोळीसाठी पहाटे निघालेली बाई असते, उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाखाली मोह वेचणारी मुले असतात, पहिल्या पावसात ओहोळाच्या काठाने बॅटरी घेऊन खेकडे धरणारी पोरे असतात, रानभाजी खुडणाऱ्या म्हाताऱ्या असतात, गुराखी असतो, आणि भात पोटरीला आल्यापासून ते खळ्यावर येईपर्यंत माळ्यावर बसून रात्रभर राखण करणारा शेतकरी असतो. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी, मल्हार कोळी अशा समाजांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ज्या रानात आहे, त्या रानात माणूस असणे हाच नियम आहे. मग कपड्यांची सक्ती कोणावर आणि संरक्षण कोणाचे, हा प्रश्न येथेच उभा राहतो, आणि तो पुढे पुन्हा विचारावा लागणार आहे.

दुसरा मुद्दा, रंगाचा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरीजवळ डांबर टाकणारे मजूर, डहाणू रोडच्या लोहमार्गावर काम करणारे गँगमन आणि बुलेट ट्रेनच्या कामावर राबणारे कामगार जे जाकीट घालतात, ते या भागातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. ते नीट निरखले तर त्यात दोन अगदी निराळ्या युक्त्या एकत्र केलेल्या दिसतात. जाकिटाचे मूळ कापड नारिंगी किंवा पोपटी-पिवळे असते, आणि त्यावर करड्या रंगाच्या, हाताला किंचित खरखरीत लागणाऱ्या पट्ट्या शिवलेल्या असतात. कापड दिवसासाठी आहे आणि पट्टी रात्रीसाठी.

कापडाच्या रंगाला फ्लुरोसंट म्हणतात. साधा नारिंगी रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला नारिंगी भाग तेवढा परत पाठवतो. फ्लुरोसंट रंग मात्र डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाशही शोषून घेतो व त्याचे रूपांतर नारिंगी प्रकाशात करून तो बाहेर टाकतो, त्यामुळे ते कापड आतून पेटल्यासारखे भासते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील स्विट्झर बंधूंनी अशा रंगद्रव्यांवर काम सुरू केले, आणि पुढे त्यांचा उपयोग जाहिरातीच्या फलकांपासून सैन्याच्या संकेतवस्त्रांपर्यंत पसरला. जंगलात असा रंग निसर्गतः जवळपास नसतोच. पळस फुलला तरी त्याची झळाळी या कापडाच्या जवळ जात नाही. म्हणूनच हिरव्या-करड्या पार्श्वभूमीवर तो नजरेत भरतो आणि पाहणाऱ्याच्या मनाला क्षणभर थांबवतो. सारा उपयोग त्या क्षणभराच्या थांबण्यात आहे.

पण मग जनावरालाही तो दिसणार नाही काय? हा आक्षेप पारधी नेहमी घेतो आणि त्याचे उत्तर विज्ञानाने दिलेले आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. हरीण, सांबर, डुक्कर यांसारख्या खुरांच्या प्राण्यांच्या डोळ्यात त्या दोनच प्रकारच्या असतात, आणि त्यामुळे नारिंगी व हिरवा यांतला भेद त्यांना माणसासारखा करता येत नाही. पट्टेरी वाघ माणसाला भगवा दिसतो आणि तरीही हरणाच्या पुढ्यात गवतात लपू शकतो, तो याच कारणाने. डुकराचा भरवसा तर डोळ्यापेक्षा नाकावर अधिक असतो. तात्पर्य, नारिंगी कपड्याने पारध्याचे काही बिघडत नाही, आणि सोबत्याच्या नजरेला मात्र तो चुकत नाही.

इथपर्यंत रंगाची बाजू भक्कम आहे. परंतु ती दिवसाची बाजू आहे. प्रकाश मंदावला की डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी हळूहळू निवृत्त होतात आणि केवळ उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशी काम हाती घेतात. या पेशींना तांबडा-नारिंगी रंग काळपट दिसतो आणि निळा-हिरवा त्या मानाने उजळ दिसतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवले, म्हणून या बदलाला त्याचे नाव आहे. संधिप्रकाशाच्या पहिल्या टप्प्यात फ्लुरोसंट कापड काही काळ तग धरते, पण रात्र पडली की तेच कापड काळ्या कांबळ्याइतके निरुपयोगी होते. डुकराची पारध प्रामुख्याने चालते केव्हा? रात्री. मग दिवसाच्या शिकारीसाठी घडलेला नियम रात्रीच्या शिकारीवर तसाच्या तसा बसवून काय उपयोग?

रात्रीचे काम पट्टी करते. ज्याला बाजारात सर्रास रेडियमची पट्टी म्हणतात तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी बसवलेले असतात, आणि प्रत्येक मणी त्याच्यावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे न उधळता जेथून आला तेथेच माघारी धाडतो. ज्याच्या कपाळावर बॅटरी आहे त्याच्या डोळ्याकडेच तो प्रकाश परततो, आणि त्याला अंधारात पट्टी लख्ख चमकताना दिसते. बॅटरी नसलेल्याला ती दिसतच नाही. धुण्याने, घासण्याने, चिखलाने ती मंद होत जाते, आणि झाडीच्या आड गेली तर तिचा उपयोग शून्य. शिवाय रात्री जनावराचे डोळेही बॅटरीच्या उजेडात चमकतात, आणि उतावळ्या माणसाला चमकणारी प्रत्येक गोष्ट डोळेच वाटण्याचा धोका राहतो. म्हणजे रंग आणि पट्टी ही दोन्ही साधने खरी आहेत, उपयुक्त आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत.

तिसरा मुद्दा, जगाच्या अनुभवाचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६० च्या सुमारास सैन्याच्या मदतीने वेगवेगळ्या रंगांच्या चाचण्या घेण्यात आल्या आणि त्यांतून फ्लुरोसंट नारिंगी सर्वांत सरस ठरला. त्यानंतर त्या राज्याने हरणाच्या शिकारीत तो बंधनकारक केला, आणि पुढच्या दशकांत बहुसंख्य राज्ये त्याच मार्गाने गेली. काही राज्यांनी पुढे भडक गुलाबी रंगालाही मान्यता दिली, त्यांत विस्कॉन्सिन २०१६ साली आघाडीवर होते. न्यूयॉर्क राज्यातील १९८९ ते १९९५ या काळातील शिकारीच्या दुखापतींचा आढावा अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने १९९६ साली प्रसिद्ध केला, आणि सावज समजून ज्यांना गोळी लागली त्यांत नारिंगी न घालणाऱ्यांचा भरणा मोठा असल्याचे त्यातून दिसले. एवढा पुरावा हाती असूनही त्याच न्यूयॉर्कने सक्ती केली ती २०२१ साली. पुरावा मिळणे आणि कायदा होणे यांत एवढे अंतर का पडते? कारण बंदूक बाळगणाऱ्या समाजाला आपल्या अंगावर काय घालावे हे सरकारने सांगितलेले आवडत नाही. हेल्मेटच्या सक्तीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

परंतु या विषयातला सर्वांत बोलका धडा मेन या राज्याचा आहे. तेथे १९८८ च्या नोव्हेंबरात एक तरुण आई स्वतःच्या घराच्या परसात उभी असताना हरणाच्या शिकाऱ्याच्या गोळीने मरण पावली. तिच्या हातात पांढरे हातमोजे होते, आणि शिकाऱ्याला त्यांत हरणाच्या पांढऱ्या शेपटीचा भास झाला, असे त्याचे सांगणे होते. पुढे घडले ते अधिक दुःखद होते. शिकारीच्या हंगामात भडक रंग न घालता ती बाहेर आलीच का, असे म्हणणारे लोक निघाले, आणि १९९० साली खटल्यात शिकारी निर्दोष सुटला. स्वतःच्या परसात उभ्या असलेल्या बाईने शिकाऱ्याच्या सोयीसाठी कोणता रंग घालावा, हा प्रश्न समाजाने तिच्या मरणानंतर तिलाच विचारला! त्या राज्याने मात्र त्यातून योग्य तो बोध घेतला आणि १९९१ साली लक्ष्य ओळखण्याचा कायदा केला; जनावराचे डोके व धड स्पष्ट दिसून ते जनावरच आहे अशी खात्री पटल्याखेरीज गोळी झाडणे म्हणजे कर्तव्यात कसूर, असे त्याचे सार आहे. कपड्याच्या कायद्याने मरणाऱ्याकडे बोट दाखवता आले, ओळखीच्या कायद्याने ते बोट चापावरच्या बोटाकडे वळवले.

फ्रान्सची कथाही हेच सांगते. तेथे २०१९ पासून मोठ्या प्राण्यांच्या सामूहिक शिकारीत भडक जाकीट बंधनकारक झाले, आणि २०२० च्या डिसेंबरात घराजवळ लाकडे तोडणारा २५ वर्षांचा एक तरुण रानडुक्कर समजला जाऊन मारला गेला. जाकिटाचा नियम शिकाऱ्यांसाठी होता. तो तरुण शिकारी नव्हता. शिकाऱ्याला शिकाऱ्यापासून वाचवणारा नियम लाकूडतोड्याला शिकाऱ्यापासून वाचवीत नाही. तलासरीच्या रानात मोळी बांधणाऱ्या बाईला या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

चौथा मुद्दा, येथील कायद्याचा. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि शिकारीला परवान्याच्या चौकटीत आणले. १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही आरंभी परवान्यांची तरतूद होती, ती १९९१ मध्ये गेली. आज त्या कायद्याच्या नवव्या कलमाने वन्यप्राण्याची शिकार निषिद्ध आहे, आणि शिकार या संज्ञेत मारण्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, विष घालणे, जनावर हाकून आणणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे येते. म्हणजे ज्याच्या हातात बंदूक नाही असा डबे वाजवणारा हाकेकरीही कायद्याच्या नजरेत शिकारीच आहे. वनहक्कांना मान्यता देणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही आदिवासींचे कितीतरी पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि फासे लावण्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

मग ज्या कृत्याला कायदा गुन्हा म्हणतो ते कृत्य करताना कोणते कपडे घालावेत, हे त्याच कायद्याने सांगावे काय? तसे सांगणे तर्काला धरून होणार नाही, आणि व्यवहारात तर ते हास्यास्पद ठरेल. कारण चोरून पारध करणाऱ्याला वनरक्षकाच्या नजरेपासून लपावयाचे असते, आणि लपू पाहणाऱ्या माणसाला दिसण्याची सक्ती करणारा नियम जन्मतःच मृत असतो. बंदीमुळे धोका संपला नाही, तो अंधारात गेला, हेही मान्य केले पाहिजे. बोरशेतीत मृतदेह लपवला गेला तो क्रौर्यातून गेला की भीतीतून, याचा निर्णय न्यायालय करील. परंतु बेकायदा बंदूक, बेकायदा शिकार आणि त्यावर माणसाचे मरण अशा तिहेरी गुन्ह्याच्या धास्तीने मदत बोलावण्याचा मार्ग बंद होतो, एवढे समाजाने समजून घेतले पाहिजे. जखमी माणसाला दवाखान्यात नेण्याचे धैर्य सोबत्यांना व्हावे, यासाठी पाड्यापाड्यांवर बोलणे झाले पाहिजे.

असे असले तरी कायद्याच्या चौकटीत एक दार उघडे आहे, आणि सक्तीचा प्रश्न त्या दाराशी येऊन थांबतो. १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी, माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरलेल्या ठरावीक प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये पिकांची नासधूस करणारे रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्या पारधीची परवानगी शेतकऱ्याने कशी मिळवावी याची कार्यपद्धती ठरवली. केरळने २०२२ मध्ये रानडुकराबाबतचे असे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले. आणि शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याला स्थान आहे. थोडक्यात, शिकारीला बंदी असलेल्या देशातही कायदेशीर गोळी आहे. ती शासनाच्या सहीने सुटते. आणि जी गोळी शासनाच्या सहीने सुटते, तिच्यापासून माणसाला वाचवण्याची जबाबदारीही त्या सहीबरोबर येते.

म्हणून पुढील अटी अशा प्रत्येक परवानगीचा अविभाज्य भाग असाव्यात, असे या व्याख्यानाचे म्हणणे आहे. परवानगीखाली पारधीत उतरणाऱ्या प्रत्येकाने, मग त्याच्या हातात बंदूक असो वा डबा, डोक्यावर आणि धडावर चहूबाजूंनी दिसेल असे फ्लुरोसंट नारिंगी वस्त्र घालावे, आणि त्यावर चमकणारी पट्टी असावी. ते वस्त्र वनविभागाने पुरवावे, कारण ज्याचे भात डुकराने लोळवले त्याच्यावर जाकिटाचा खर्च टाकणे अन्यायाचे होईल. पारध शक्यतो उजेडी व्हावी. ती कोणत्या शिवारात, कोणत्या दिवशी, किती वाजता होणार, याची दवंडी संबंधित सर्व पाड्यांवर आदल्या दिवशी फिरावी आणि ग्रामसभेला लेखी कळवले जावे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष स्थान आहे, आणि या बाबतीत तिला विचारणे हा उपचार मानला जाऊ नये. जनावराचे डोके व धड स्पष्ट ओळखल्यावाचून चाप ओढणे हा परवानगीचा भंग मानला जावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मरण पावलेल्याच्या अंगावर भडक कपडा नव्हता, हा बचाव कोणालाही, कोणत्याही स्थितीत, घेता येऊ नये. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे. त्या निष्काळजीपणाचे मोजमाप गोळी झाडणाऱ्याच्या वर्तनावरून व्हावे, मोळीवालीच्या लुगड्याच्या रंगावरून होऊ नये.

धाकट्या डहाणूला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा बुडून मृत्यू झाला. बोटीत गर्दी होती आणि मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, असे तेव्हा समोर आले, आणि अनेकांना वाचवण्यात स्थानिक मच्छीमारांचा हात होता. जाकीट हवेच होते, याविषयी दुमत नाही. परंतु बोटीत किती माणसे घ्यावयाची आणि कोणत्या हवेत ती पाण्यात लोटावयाची, हे तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, ठरवावयाचे असते, आणि खलाशाच्या अंगावर जाकीट आहे म्हणून तांडेलाची जबाबदारी कमी होते, असे दर्यावर जाणारा कोणीही माणूस म्हणणार नाही. जंगलात तांडेलाची जागा बंदूक धरणाऱ्याची आहे.

मात्र एवढ्यावर थांबले तर विषयाचा गाभा सुटेल. माणूस रात्री बंदूक घेऊन निघतो त्यामागे मांसाची आवड असते, परंपरा असते, कधी विक्रीचा व्यवहारही असतो, हे नाकारता येत नाही; पण डोळ्यांदेखत नांगरल्यासारखे झालेले भाताचे वावर आणि हाती न आलेली भरपाई हेही त्यामागचे एक मोठे कारण आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेतात शिरतो, खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो, आणि नाचणी-वरईच्या उतारावरच्या तुकड्यावर ज्याचे वर्षाचे पोट अवलंबून आहे त्याच्याजवळ दुसरे शेत नसते. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी महाराष्ट्राने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला, हे योग्य पाऊल होते. परंतु पंचनामा वेळेवर झाला, पैसे हंगाम संपण्याआधी हाती आले, आणि ज्याचा सातबारा अजून नावावर नाही अशा वनपट्टाधारकालाही ते मिळाले, तरच तो कायदा पाड्यावर पोहोचला असे म्हणता येईल. भरपाई वेळेवर मिळणारा शेतकरी अंधारात बंदूक घेऊन जाण्याची शक्यता कमी होते. कुंपण, सामूहिक राखण आणि तातडीची भरपाई यांवर खर्च केलेला पैसा हा माणसांचे प्राण वाचवणारा पैसा आहे, कारण जी गोळी सुटतच नाही तिच्यासाठी कोणालाही जाकीट लागत नाही.

समारोपाला आता एकत्रित मांडणी करणे उचित होईल. शिकाऱ्यांना ठळक कपड्यांची कायदेशीर सक्ती असावी काय? असावी, पण जेथे शासन स्वतः परवानगी देते तेथे, आणि त्या परवानगीची अट म्हणून. ती पुरेशी आहे काय? नाही, दिवसा ती उपयोगी आहे, रात्री अर्धवट आहे, आणि ज्याने जाकीट घातलेले नाही अशा शेतकऱ्याला, गुराख्याला, मोळीवालीला तिच्यामुळे कोणतेही संरक्षण मिळत नाही. चोरट्या पारधीवर तिचा इलाज आहे काय? नाही, तेथे इलाज भरपाईचा आहे, ग्रामसभेच्या वचकाचा आहे, आणि बेकायदा बंदुका गावाने स्वतःहून पुढे आणण्याचा आहे. आणि सर्वसामान्य माणसाने रानात जाताना रंगीत कपडे घालावेत काय? स्वतःच्या काळजीपोटी त्याने घातले तर उत्तमच, आईने लेकराला तसे सांगितले तर तेही योग्यच. पण कायद्याने तसे सांगू नये, कारण त्या दिवशी रान त्याचे राहणार नाही, बंदूकवाल्याचे होईल.

डहाणू तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवणारी अधिसूचना १९९१ साली निघाली, आणि तेव्हापासून या परिसरात झाडे, खाडी, चिकूच्या वाड्या आणि समुद्र यांच्या रक्षणाची चर्चा सातत्याने होत आली आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच चर्चेत रानात वावरणाऱ्या माणसाच्या जिवाच्या रक्षणालाही तितकेच स्थान मिळाले पाहिजे. येत्या ग्रामसभांमध्ये प्रत्येक गावाने दोन ठराव करावेत, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे : आपल्या शिवारात परवानगीची पारध झाली तर ती आगाऊ दवंडी आणि नारिंगी कपड्यांशिवाय होऊ देणार नाही, हा पहिला, आणि कोणाच्या हातून गोळी लागून माणूस जखमी झाला, तर गुन्ह्याचा विचार नंतर करून त्याला त्याच घटकेला दवाखान्यात पोहोचवू, हा दुसरा. हे दोन्ही ठराव करण्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. ते गावाला आजच करता येतात, आणि ते झाले तर पुढच्या भाताच्या हंगामापूर्वी त्यांचा उपयोग सुरू होईल.